कठीण नमुना आणि शिकाऊ हात

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात वाढलेल्या माणसाला दगडाची ओळख उशिरा होते. मेट्टूरच्या धरणाबरोबर १९३४ साली पुरी झालेल्या योजनेतून कल्लणै कालव्याचे पाणी ज्या मुलखाला मिळाले, त्या ओरत्तनाडूच्या आसमंतात कुदळ कितीही खोल घातली तरी माती आणि वाळूच हाती येते. दगड पाहावयाचा तो देवळात, किंवा सरफोजी राजांनी मुक्तांबाळच्या स्मरणार्थ उभारलेल्या छत्रात. परंतु तंजावरहून तिरुवैयारूच्या वाटेने उत्तरेस निघून कोल्लिडमचे रुंद पात्र ओलांडले, की काही तासांच्या आत सारा मुलूख पालटतो. अरियलूर आणि पेरंबलूर या जिल्ह्यांत सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वीपासून ६.६ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत समुद्र कधी पुढे सरकत, कधी मागे हटत राहिला, आणि त्याने आपल्या तळाशी साठविलेला गाळ आज चुनखडी, चिकणमाती व वालुकाश्म या रूपांनी उघडा पडला आहे. कारैच्या ओसाड, पावसाने चिरलेल्या टेकाडांवर बेलेम्नाइट या लुप्त सागरी प्राण्यांच्या बाणासारख्या कांड्या सुट्या पडलेल्या आढळतात. गरुडमंगलमच्या चुनखडीत शंखशिंपल्यांची इतकी दाटी असते की तिला घासून झिलई दिली असता ती संगमरवराप्रमाणे शोभते. आणि सात्तनूर येथे १८ मीटरांहून लांब असा वृक्षाचा बुंधा शिलारूप होऊन पडला आहे, ज्याची वार्ता भूवैज्ञानिक एम. एस. कृष्णन यांनी १९४० साली दिली.

या मुलखाविषयी इंग्रजीत विपुल लिहिले गेले आहे, आणि त्यातील बहुतेक लेखन दोन प्रसंगांभोवती फिरते: नमुना सापडल्याचा प्रसंग, आणि त्याला नाव मिळाल्याचा प्रसंग. या दोहोंच्या मध्ये जो काळ जातो, ज्या काळात कोणी तरी खाली मान घालून, भिंगाखाली, सुईच्या टोकाने, कणाकणाने खडक दूर सारीत असतो, त्या काळाविषयी ग्रंथांतून एखाददुसरे वाक्यच येते. पुढील प्रकरणे त्या मधल्या काळाविषयी आहेत. जीवाश्म मोकळा करणे हे शास्त्राच्या दारात बसून करावयाचे हलके काम नसून शास्त्राचा आरंभच तेथे होतो, आणि आपल्या देशातील काही अमूल्य नमुने शोधकांच्या अभावी नव्हे तर या कामातील हातांच्या अभावी गेले, असे आमचे ठाम मत आहे. प्रस्तुत पुस्तकाचा खटाटोप त्या मतातून जन्मला.

या भूभागाच्या संशोधनाचा इतिहास पाहिला तरी हेच दिसते. १८४० च्या दशकात मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी के आणि कन्लिफ यांनी पाँडिचेरी, विरुद्धाचलम व तिरुच्चिरापल्ली येथून जमविलेले नमुने लंडनला गेले आणि एडवर्ड फोर्ब्ज यांनी १८४६ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे हेन्री ब्लॅनफर्ड यांनी प्रदेशाची पद्धतशीर पाहणी करून १८६२ साली आपला वृत्तांत छापला. आणि त्याच वर्षी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात रुजू झालेल्या फर्डिनांड स्टोलिच्का या मोरावियात जन्मलेल्या विद्वानाने अवघ्या दहाबारा वर्षांत अमोनाइट, शंख, शिंपले व इतर प्राणी यांची जी विशाल ग्रंथमाला सिद्ध केली, ती आजही दक्षिणेच्या क्रिटेशस समुद्राचा मूळ दाखला मानली जाते. १८७४ साली लडाखमध्ये, प्रवासातच, त्यांचा अंत झाला. त्या ग्रंथांतील शिळाछापाची चित्रे आपण पाहतो, त्यांतील अमोनाइटाची प्रत्येक कड, प्रत्येक शिवण स्पष्ट उमटलेली असते; ती शिवण दिसावी म्हणून वरचा खडक कोणी, कोणत्या हत्याराने आणि किती दिवसांत काढला, याचा मात्र तेथे मागमूस नाही. चित्रकाराची सही काही पानांच्या तळाशी तरी असते; तासणाऱ्याची कोठेच नाही.

हे मौन किती महाग पडू शकते, याचे उदाहरण शोधण्यास आम्हांला दूर जावे लागत नाही. अरियलूर जिल्ह्यातील कल्लमेडू या गावाजवळच्या थरांत महाकाय सरीसृपांची हाडे असल्याचे ब्लॅनफर्ड यांच्या वेळेपासून ठाऊक होते, आणि चार्ल्स मॅटली यांनी १९२९ साली त्यांवर लिहिलेही होते. याच ठिकाणी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे पी. यादगिरी आणि के. अय्यासामी यांना जी हाडे मिळाली, त्यांतील नडगीचे हाड सुमारे दोन मीटर लांबीचे होते. मॅटली यांचे स्मरण ठेवून या प्राण्यास बृहत्कायोसॉरस मॅटलेई असे नाव देण्यात आले आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. प्रथम त्यास मांसभक्षक डायनोसॉरांत गणले गेले, पुढे तो लांब मानेच्या शाकाहारी गटातील असल्याचे मानण्यात आले. आणि ती मापे खरी धरली तर पृथ्वीच्या पाठीवर चाललेल्या सर्वांत मोठ्या प्राण्यांत त्याची गणना करावी लागते. परंतु ती हाडे आज कोणालाही दाखविता येत नाहीत. ती मुळातच ठिसूळ व भेगाळलेली होती, आणि शेतातून उचलताना घातलेल्या प्लास्टरच्या वेष्टनातच, कार्यालयात पोहोचण्यापूर्वी, त्यांचा चुरा झाला. मागे उरली ती काही रेखाचित्रे, मोजमापे आणि छायाचित्रे. हाडेच नाहीत म्हटल्यावर ती हाडे नसून शिळारूप झालेले लाकूड असावे अशी शंकाही परदेशी अभ्यासकांनी बोलून दाखविली, आणि त्या शंकेचे निरसन करण्यासाठी स्वतः अय्यासामी यांना एका सहलेखकासह २०२२ साली जुनी छायाचित्रे पुढे ठेवून लिहावे लागले.

यात कोणास दोष देण्याचा आमचा हेतू नाही, आणि तसा अधिकारही नाही. कल्लमेडूचा खडक ज्याने हाताळला आहे त्याला हे तत्काळ उमजेल. तेथील चिकणमाती ओली असताना हाडाला घट्ट धरून ठेवते; ती सुकू लागली की आक्रसते, आणि आक्रसताना हाडाच्या पृष्ठभागालाच आपल्याबरोबर ओढून नेते. हाडाच्या सूक्ष्म छिद्रांतील ओल एका बाजूने लवकर व दुसऱ्या बाजूने सावकाश निघाली तर भेगा रुंदावतात. आणि ते अर्धवट ओले असतानाच वेष्टनात बंद झाले तर आत काय चालले आहे हे कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. अशा हाडाला सावलीत, ओल्या कापडाखाली, हळूहळू सुकवावे लागते. त्यात विरळ द्रावण मुरवून आतून बळकटी द्यावी लागते. त्याखालची माती खांबासारखी शिल्लक ठेवून बाजूने कोरावे लागते. ही सर्व कृत्ये मान्सून डोक्यावर येऊन ठेपलेला असताना उघड्या शेतात करावयाची असतात. त्यांसाठी तज्ज्ञ हातांचे एक पथक त्या काळी तेथे तैनात असते, तर आज जगातील वस्तुसंग्रहालये अरियलूरच्या हाडांचे साचे मागत असती.

याच्या उलट घडलेले एक उदाहरणही आमच्यापुढे आहे, आणि त्याचा संबंध एका मराठी नावाशी असल्याने ते येथे विस्ताराने सांगण्याचा मोह आवरत नाही. गुजरातमधील धोली डुंगरी येथे भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांना १९८४ साली डायनोसॉरच्या अंड्यांच्या घरट्याचा एक खडक मिळाला. त्यात अंडी होती आणि काही बारीक हाडे होती. ती हाडे नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाची असावीत असे त्या वेळी वाटले. तो खडक जपून ठेवला गेला, नोंदला गेला, आणि हीच गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. २००१ साली जीवाश्मशास्त्रज्ञ जेफ्री विल्सन यांनी तो पाहिला, तेव्हा त्यातील काही मणक्यांची घडण सापाची आहे हे त्यांच्या ध्यानात आले. पुढे रीतसर करार होऊन तो नमुना मिशिगन विद्यापीठात गेला, आणि हाडांवर राहिलेले खडकाचे पातळ आवरण दीर्घ काळ खपून दूर करण्यात आले. तेव्हा जे उघड झाले ते असे: फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घातलेला सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप, आणि शेजारी सुमारे अर्धा मीटर लांबीचे पिल्लू. २०१० साली त्या सापास सनाजेह इंडिकस हे नाव मिळाले. खडक तोच, हाडे तीच. मोहबे यांची चिकाटी व तासणाऱ्याची सुई या दोन्ही एकत्र आल्या नसत्या तर ती घटना त्या दगडात तशीच झाकलेली राहिली असती.

आता ज्यांच्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे त्या नवशिक्याकडे वळू. या छंदात शिरणारा मनुष्य बहुधा सर्वांत अवघड नमुन्यावरच प्रथम आसक्त होतो. त्याचे कारण समजण्यासारखे आहे: जो शिंपला अखंड व स्वच्छ बाहेर पडला आहे त्यात करण्यासारखे काही उरलेले नसते, आणि जो अर्धा झाकलेला, भेगा गेलेला, कोणता भाग कोठे संपतो हे न कळणारा असतो तोच मनाला खुणावीत राहतो. या ओढीला आम्ही वाईट म्हणत नाही. तिच्यावाचून कोणी तासन्‌तास बसणारच नाही. आमचे सांगणे एवढेच की ज्या अवघड नमुन्यावर मन जडले आहे त्याला एका पेटीत, चिठ्ठीसह, सहा महिने निर्धास्त झोपू द्यावे, आणि त्याच थरातला, त्याच जातीचा, तुटका व निरुपयोगी तुकडा हाती घ्यावा. या तुकड्यावर सुई किती दाबली असता खडक सुटतो आणि किती दाबली असता कवच सुटते, पाण्याने काय होते, घासलेटने काय होते, कोणते द्रावण पृष्ठभागावर चकाकी ठेवते, हे सर्व निःशंकपणे पाहता येते. ज्याच्यापाशी असे चाचणीचे तुकडे नाहीत त्याने मुख्य नमुन्यास हात लावू नये. हा एकच निर्बंध आम्ही हुकमाच्या भाषेत लिहीत आहोत.

अवघडपणाचेही प्रकार असतात. कारैच्या चिकणमातीतील अमोनाइटाचे कवच कागदासारखे पातळ असू शकते आणि आजूबाजूला जिप्समचे पापुद्रे माजलेले असतात. पाणी लागताच ती माती फुगते आणि कवचाला फोडते. तिच्यासाठी जुनी युक्ती अशी, की नमुन्याचा फुटका तुकडा पूर्ण सुकवून घासलेटमध्ये भिजवावा आणि मग पाण्यात सोडावा, म्हणजे माती आपोआप विरते. परंतु सूक्ष्म जीवाश्मांसाठी उत्तम असलेली ही रीत मोठ्या व पातळ कवचाच्या नमुन्याला घातकही ठरू शकते, म्हणून ती चाचणीच्या तुकड्यावर सिद्ध झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. गरुडमंगलमच्या चुनखडीचा पेच निराळा. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममधील हॅरी टूम्ब्ज यांनी १९४८ साली ॲसेटिक आम्लाने चुनखडी विरघळवून त्यातील माशांची व सरीसृपांची हाडे मोकळी करण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि या विद्येत एक नवे युग आले. कारण हाडातील फॉस्फेट त्या आम्लास दाद देत नाही आणि भोवतालचे कार्बोनेट विरते. आमच्याकडील शिंपल्यांचे कवच मात्र स्वतःच कार्बोनेटचे आहे. जे आम्ल खडक खाईल ते शिंपलाही खाईल. म्हणून येथे आम्लाची बाटली बाजूला ठेवून छिन्नी, सुई आणि हवेच्या दाबाने चालणारी टोकदार लेखणी यांवरच भिस्त ठेवावी लागते, आणि खडक व कवच यांच्या मधली नैसर्गिक फट ओळखणे हेच सारे कौशल्य ठरते. त्या फटीचा शोध प्रकाशाने लागतो. दिवा समोरून न धरता बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरला असता कवचाची कड सावली टाकते. आणि ओल्या कुंचल्याचा हलका स्पर्श केला असता दोहोंच्या रंगांतील अंतर क्षणभर ठळक होते. तो क्षण पकडावा.

तंजावरच्या मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली भोसले घराण्याचा जो प्रदीर्घ मराठी इतिहास कोरविला गेला, तेथे कारागिराने दगडात नसलेली अक्षरे घडविली, आणि आपल्या इच्छेप्रमाणे घडविली. जीवाश्मावर बसणाऱ्याच्या पुढे अक्षरे आधीच लिहिलेली असतात, आणि त्याला एकही काना-मात्रा वाढविण्याचा अधिकार नसतो. तरीही तो नकळत वाढवितोच. खडकातील एखादी रेघ कवचाची समजून तो तिला कोरीत जातो, आणि अखेर त्याने कोरलेली आकृती शास्त्रज्ञाच्या हाती पुरावा म्हणून जाते. म्हणून जेथे संशय येईल तेथे थांबावे, आणि तो अर्धवट भाग तसाच ठेवावा. काही उत्तम संग्रहालयांतील नमुने एका बाजूने जाणीवपूर्वक खडकातच ठेवलेले असतात, त्याचे कारण हेच. पुढे येणाऱ्याजवळ अधिक चांगली साधने असतील, आणि आज काढलेला खडक पुन्हा लावता येत नाही.

जोडण्याच्या व बळकट करण्याच्या द्रव्यांविषयी पुस्तकातील मजकूर सविस्तर आहे, कारण आमच्या हवामानात त्यात पुष्कळ विचार करावा लागतो. जुन्या काळी लाख, सरस व डिंक वापरीत. ते कालांतराने काळवंडतात, आक्रसतात आणि काढावयास गेले तर नमुनाही घेऊन निघतात. हल्ली ॲसिटोनमध्ये विरघळणाऱ्या पॅरालॉइड बी-७२ या राळेस सर्वत्र मान आहे, आणि तो रास्तच आहे, कारण ती पिवळी पडत नाही व हवी तेव्हा पुन्हा विरघळविता येते. परंतु ती सुमारे ४० अंश सेल्सियसला मऊ होऊ लागते, आणि चित्तिरै महिन्यातील येथील पत्र्याच्या छपराखालची उष्णता कोणती मर्यादा गाठते हे वाचकांस सांगावयास नको. मे महिन्यात बंद खोलीत ठेवलेला, वजनाने जड असा सांधा आपल्याच भाराने ढळू शकतो. त्यास वाळूच्या पिशवीचा आधार हवा. दुसरी अडचण दमट हवेची. ॲसिटोन उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतील बाष्प त्यावर बसून राळ पांढुरकी दिसू लागते. म्हणून पावसाळ्यातील दिवस टाळावेत, द्रावण विरळ ठेवावे आणि एकदम भरपूर न देता थेंबाथेंबाने मुरू द्यावे. दुकानात मिळणारा पांढरा गोंद सोयीचा खरा, पण एकदा हाडात मुरला की तो पुन्हा पुरता निघत नाही. असे द्रव्य वापरणाऱ्याने आपला निर्णय पुढच्या सर्व पिढ्यांवर लादला असे समजावे.

येथे एक गोष्ट आठवते आणि या तांदळाच्या देशात ती सांगितलीच पाहिजे. १८७६ साली अमेरिकेत एडवर्ड कोप यांच्याबरोबर डायनोसॉरची हाडे खणणाऱ्या चार्ल्स स्टर्नबर्ग यांनी हाडे सुरक्षित नेण्यासाठी शिजवून घट्ट झालेल्या भाताच्या खळीत गोणपाटाच्या पट्ट्या भिजवून त्यांचे वेष्टन केले होते. प्लास्टरची वेष्टने पुढे सर्वत्र रूढ झाली. त्यापूर्वीची ही सोय भाताच्या खळीची होती.

नोंदीच्या बाबतीत आमचा आग्रह कदाचित काही वाचकांस जाचक वाटेल. तंजावरच्या सरस्वती महालात मोडी कागदांची जी रुमालबंद दप्तरे आहेत, त्यांतील कागद कोणत्या रुमालातून आला याची खूण हरवली, तर त्याचे अक्षर कितीही सुवाच्य असले तरी त्याच्या पुराव्याचे मोल घटते. जीवाश्माचे हेच. थर, गाव, ओढ्याची कोणती बाजू, तारीख, नमुना उचलण्यापूर्वीची स्थिती, आणि त्यापुढे प्रत्येक बैठकीत काय काढले, कोणते द्रव्य कोठे लावले, कोणता तुकडा कोणत्या तुकड्याशी जोडला, हे सर्व बारनिशीप्रमाणे रोजच्या रोज लिहून ठेवले पाहिजे. बृहत्कायोसॉरसची हाडे गेली. जे वाचले ते टिपणे, मापे आणि छायाचित्रे यांच्या रूपानेच वाचले, आणि त्यांच्याच आधारे तीन दशकांनंतर त्या प्राण्याची बाजू पुन्हा मांडता आली.

दोन गोष्टी नवशिक्याच्या कानावर घालणे आवश्यक आहे. पहिली आरोग्याची: वालुकाश्माची व शिळारूप लाकडाची धूळ सिलिकाची असते, ती फुप्फुसात बसली की निघत नाही, आणि तोंडावर साधे फडके बांधल्याने अडत नाही, योग्य मुखावरण व धूळ ओढून घेणारी सोय नसेल तर हवेची लेखणी चालवूच नये. दुसरी परवानगीची: सात्तनूरचा वृक्ष राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे आणि त्याचा कणही उचलणे अयोग्य आहे, चुनखडीच्या खाणी सिमेंटच्या कारखान्यांच्या ताब्यात आहेत आणि तेथे परवान्यावाचून शिरणे जिवावरचेही आहे. काहीही उल्लेखनीय हाती लागले, विशेषतः हाड, तर ते न हलविता सर्वेक्षण खात्यास किंवा जवळच्या विद्यापीठास कळवावे.

याच ओघात शाळिग्रामाविषयी लिहिणे प्राप्त आहे, कारण तंजावरच्या मराठी घरांतील देव्हाऱ्यांतही तो असतो आणि मुलांच्या मनात त्याविषयी प्रश्न येतातच. गंडकीच्या पात्रातील त्या काळ्या गोट्यांत जी चक्रे दिसतात ती हिमालयातील जुरासिक थरांतील अमोनाइटांची आहेत. ज्या मुलाला हे कळून कुतूहल वाटले त्याला आमच्या मते या विद्येचे बीज मिळाले; परंतु पूजेतील शाळिग्राम पूजेतच राहू द्यावा, आणि कुतूहलासाठी दुसरा गोटा शोधावा.

पुस्तकाची रचना या सर्व विवेचनास अनुसरून केली आहे. कल्लंकुरिच्चीच्या थरातील जाड, स्तरयुक्त कालवांच्या शिंपल्यांपासून पहिले प्रकरण सुरू होते, कारण ते चुका पचविण्याइतके दणकट असतात आणि तरीही त्यांचे पापुद्रे सुटू न देण्याची सावधगिरी शिकवितात. पुढे चुनखडीतले शंख, मग चिकणमातीतले अमोनाइट, आणि हाड सर्वांत शेवटी. शेवटच्या प्रकरणास उघडपणे अपुरे ठेवले आहे, कारण कल्लमेडूच्या हाडांसारखी हाडे सुरक्षित उचलण्याची पुरी रीत एका माणसाने खोलीत बसून लिहिण्यासारखी नाही. ती त्या चिकणमातीतच, अनेक हातांनी, एकदोन पावसाळे पाहून ठरवावी लागेल. ज्या वाचकांस अशा कामात सामील होण्याची इच्छा असेल त्यांनी आरंभ कालवांच्या शिंपल्यापासूनच करावा, आणि आपली टिपणवही पहिल्या दिवसापासून शाईने लिहावी.